आखाडा, कोश आणि पडदा

आपल्या जुन्या मराठी घरांतून एक दृश्य आता नवे राहिलेले नाही. माळ्यावरच्या अडगळीत पणजोबांची लाठी किंवा पट्ट्याचे गंजके पाते सापडते. घरातील मुलाचे कुतूहल जागे होते. तो भ्रमणध्वनीच्या पडद्यावर चित्रफीत लावतो आणि गच्चीवर जाऊन हात फिरवू लागतो. शिकवायला कोणी नाही, निदान आपल्या पाहण्यात नाही, मग यात वावगे काय, असे घरातील वडीलधारेही म्हणतात. आम्हीही तसेच म्हणालो होतो.

आमच्या नातवाने चार महिने याप्रमाणे लाठी फिरविली. वेग चांगला आला. पण मनगट दुखू लागले. आमच्याच गल्लीत राहणाऱ्या, ऐंशी ओलांडलेल्या एका वस्तादांकडे आम्ही त्याला नेले. त्यांनी खुर्चीत बसूनच दोन फेरे पाहिले आणि काठीचे टोक नातवाच्या मागच्या टाचेवर टेकवून म्हणाले, "बाळ, दुखते मनगट, पण चूक इथे आहे. आणि तू सगळे उलट्या हाताने शिकला आहेस." पडद्यावरचा शिक्षक समोर तोंड करून उभा होता, त्याचा उजवा हात मुलाच्या डावीकडे दिसत होता. मुलाने आरशासारखी नक्कल केली होती. चार महिन्यांत पडद्याने त्याला एकदाही टोकले नव्हते.

या प्रसंगाने आम्ही आपल्याच शहराच्या इतिहासाकडे वळलो. कारण पाहून किंवा वाचून शिकावे की गुरूपाशी बसून, हा प्रश्न पडद्याबरोबर आलेला नाही. बडोद्याला तो ग्रंथांच्या रूपाने फार पूर्वी भेटला आहे.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा 'मानसोल्लास' हा बाराव्या शतकातील ग्रंथ. तो गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२५, १९३९ आणि १९६१ अशा तीन भागांत बडोद्यातूनच प्रसिद्ध झाला. त्यातील मल्लविनोदाच्या प्रकरणात मल्लांच्या श्रेणी, त्यांचा आहार आणि त्यांचे श्रम सांगितले आहेत. वजन उचलण्याचा भारश्रम, पाण्यातला सलिलश्रम, खांबावरचा स्तंभश्रम यांचा त्यात उल्लेख आहे. मल्लखांबाचा धागा अभ्यासक या स्तंभश्रमापर्यंत नेतात. डावांचीही नावे आहेत. परंतु केवळ नावावरून हात नेमका कोठे पडतो आणि भार कोणत्या पायावर राहतो, हे कळत नाही. नाव टिकले म्हणून डाव टिकला असे होत नाही.

याच ग्रंथमालेत १९६४ मध्ये सांडेसरा आणि मेहता यांनी संपादिलेले 'मल्लपुराण' प्रसिद्ध झाले. मोढेरा परिसरातील ज्येष्ठीमल्लांचा हा परंपराग्रंथ. श्रीकृष्णाने सोमेश्वर नावाच्या एका ब्राह्मणाला मल्लविद्या दिली, अशी कथा त्यात येते. ('मानसोल्लास'कर्त्या राजाशी या सोमेश्वराचा संबंध नाही.) विद्येचा ग्रंथ लिहितानाही परंपरेला प्रारंभी गुरू आणि शिष्य उभे करावेसे वाटले, ही गोष्ट आम्हाला अर्थपूर्ण वाटते. या जेठी मल्लांच्या लढती खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत बडोद्यात होत. फ्रेंच प्रवासी लुई रूसले याने १८६० च्या दशकात त्या पाहून आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेविल्या. त्याचे वर्णन वाचून त्या लढतीचा थरार कळतो. पण लढावे कसे, हे त्यातून कोणालाही शिकता येणार नाही.

गुरूची साखळी तुटल्यावर काय होते, हे युरोपात स्पष्ट दिसते. इटलीतील फिओरे दे लिबेरी याने १४१० च्या सुमारास खड्गविद्येचा सचित्र ग्रंथ रचला. ग्रंथ राहिला, ती विद्या हातोहात देणारी परंपरा मात्र राहिली नाही. आज तेथील हौशी मंडळी त्या चित्रांवरून ती पुन्हा उभी करू पाहतात. त्यांची चिकाटी कौतुकास्पद आहे. परंतु एकेका चित्राचा अर्थ काय, यावर त्यांच्यात मतभेद होतात, आणि निवाडा करणारा कोणी उरलेला नाही.

आपल्याकडे साखळी निराळ्या रीतीने पुढे गेली. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले असे मानतात. सप्तशृंगीच्या डोंगरावर हनुमंताने त्यांना ही विद्या दाखविली, ही आख्यायिका पुष्कळांनी लहानपणी ऐकली असेल. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. पण पाहून शिकणारा तो पुरुष आधीच आखाड्यात तयार झालेला होता, एवढे तीतूनही दिसते. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि बाजीराव ब्रह्मावर्ताला गेला. राज्य गेले तरी विद्या माणसांबरोबर उत्तरेत पोहोचली. कोंडभटनाना गोडबोले आणि दामोदरगुरू मोघे यांची नावे काशीच्या आखाड्यांशी जोडलेली आहेत. आपली घराणी जशी देशाबाहेर येऊन स्थिरावली, तशीच ही विद्याही स्थिरावली; आणि ती पोथ्यांच्या गाठोड्यातून आली नाही.

बडोद्यात ही साखळी जुम्मादादा आणि त्यांचे शिष्य राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांच्या रूपाने उभी राहिली. माणिकरावांनी गुरूच्या नावानेच व्यायाममंदिर चालविले. हाडे बसविण्याच्या विद्येतही त्यांचा लौकिक होता. ज्याला मोडलेला सांधा हाताने कळतो, त्याला शिष्याचा खांदा कोठवर ताणावा हेही कळते. डभईस जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे १९०७ ते १९१० या काळात त्यांच्यापाशी शिकले. हेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. योगाची शास्त्रीय चिकित्सा करणाऱ्या या पुरुषाचा पाया आखाड्याच्या मातीत घातला गेला होता.

याच शहरात दत्तात्रय चिंतामण ऊर्फ आबासाहेब मुजुमदारांनी 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळात सिद्ध केले. १९५० मध्ये त्याचे एकखंडी इंग्रजी रूपही निघाले. कुस्ती, मल्लखांब, लाठी, पट्टा, फरीगदगा असा विस्तृत विषय त्यात छायाचित्रांसह आला आहे. आजच्या चित्रफितीचे हे पूर्वरूपच म्हणावे लागेल. हा कोश नसता तर पुष्कळ गोष्टी आपण कायमच्या गमावल्या असत्या. परंतु तो तयार झाला तेव्हा आखाडे भरलेले होते. खंड उघडून शंका आली, तर वाचकाला गल्लीच्या टोकाला उत्तर मिळत होते. कोश गुरूच्या शेजारी उभा होता, गुरूच्या जागी नव्हता.

चित्रफितीलाही आम्ही हाच न्याय लावू. ती हालचाल दाखविते, म्हणून स्थिर चित्राच्या एक पाऊल पुढे आहे. दूरच्या वस्तादाचा हात ती घरात आणते; शिकलेले विसरू लागले तर आठवण करून देते; वृद्ध वस्तादांची विद्या टिपून ठेवण्यास तिच्यासारखे साधन नाही. तिची उणीव एकच, पण मोठी: ती दाखविते, पाहत नाही. पट्ट्याच्या खोबळ्यात हात गेला की मनगट बांधले जाते, म्हणून फिरविणे खांद्यातून आणि कोपरातून करावे लागते. हे चित्रफीत सांगेल. पण समोरचा मुलगा तरीही मनगटाचेच जोर लावतो आहे, हे तिला दिसत नाही. शिवाय तिला नकार देता येत नाही. तयारी नसलेल्याला अवघड डाव न शिकविणे, ही वस्तादाची अर्धी विद्या आहे; पडदा मात्र पहिल्याच दिवशी शेवटचा डाव उघडून दाखवितो.

मग चांगला वस्ताद ओळखावा कसा? आम्हाला जुन्या मंडळींकडून मिळालेल्या खुणा साध्या आहेत. तो स्वतः कोणाचा शिष्य हे विचारावे आणि त्याने ते आनंदाने सांगावे. तो आरंभी डाव न देता जोर, बैठका आणि पडण्याची रीत शिकवितो का, हे पाहावे. जोडी लावताना वजन आणि वय पाहतो का, दुखापत झाल्यास लढत थांबवितो का, डावाबरोबर त्याची तोडही देतो का, आणि पालकांना कोपऱ्यात बसू देतो का, हेही पाहावे. पदके आणि तसबिरी यांपेक्षा त्याच्या जुन्या शिष्यांचे गुडघे आणि खांदे अधिक खरे सांगतात.

इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद, कोठेही असा, आपल्या वस्तीत एखादा म्हातारा वस्ताद अजून असण्याचा संभव आहे. त्याची चित्रफीत अवश्य करावी. पण ती करायला जाताना घरातील मुलाला बरोबर न्यावे. नंतर ती फीत पाहताना, प्रत्यक्ष हात फिरवून घेतलेला एक तरी जण आपल्या घरात असला पाहिजे.

आमचा नातू आता दर रविवारी वस्तादांकडे जातो. तीन आठवडे त्याच्या हातात लाठी दिलेली नाही. फक्त पाय टाकायला शिकविले जात आहे. त्याची थोडी तक्रार आहे. मनगट मात्र दुखायचे थांबले आहे.