ताडी, विडी आणि रसिकता

गडद बिअरबरोबर सिगार ओढण्याच्या रसिकतेविषयी अलीकडे बरेच लिहिले जाते. भाजलेल्या मॉल्टचा कडवटपणा आणि मुरवलेल्या तंबाखूचा धूर एकमेकांस पूरक ठरतात, हे आम्हांस मान्य आहे. मात्र पेय आणि धूर यांची सोबत पालघर-बोईसर-तारापूरच्या पट्ट्यास नवी नाही. येथे ती ताडी आणि विडी यांची आहे.

तंबाखू मूळचा अमेरिकेतला. भारतात आला तो पोर्तुगीजांबरोबर. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत तारापूरचा किल्ला मराठ्यांकडे येईतो या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचाच अंमल होता. ते गेले, तंबाखू राहिला आणि पुढे विडीच्या पानात शिरला. ताडी मात्र इथल्याच झाडांची. पहाटे उतरवलेला गोड रस उन्हे चढेपर्यंत आपसूक आंबू लागतो. त्या आंबूस चवीवर विडीचा उग्र धूर खुलतो.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडीचे झाड छेदणे परवान्याच्या आणि कराच्या कक्षेत आणले. छेदणाऱ्या भंडाऱ्याची उपजीविका आणि पिणाऱ्या वारल्याची संध्याकाळ, दोन्ही सरकारी वहीत महसुलाची बाब होऊन बसल्या. प्रतिष्ठितांच्या भाषेत मात्र त्यांस एकच शब्द होता : व्यसन.

आरोग्याची हानी दोन्ही जोड्यांत आहेच. आम्ही कोणाचीच भलामण करीत नाही. प्रश्न शब्दांचा आहे. सिगारवाल्यास रसिक आणि विडीवाल्यास व्यसनी म्हणताना आपण चव पारखतो की ऐपत, हे साहित्याच्या अभ्यासकांनी स्वतःस विचारावे.