भाषेला सोबती हवा

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. त्यांचा काळ इ. स. १२७० ते १३५० असा धरतात. आयुष्याची अखेरची बरीच वर्षे त्यांनी पंजाबात, गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे घालविली, असे परंपरा सांगते. १६०४ साली शिखांचा आदिग्रंथ सिद्ध झाला, त्यात नामदेवांच्या ६१ पदांना स्थान मिळाले. त्या पदांची भाषा उत्तरेची आहे. मात्र तिच्यात मराठी वळणाच्या खुणा अधूनमधून दिसतात. मराठी मुलखातला हा माणूस ती भाषा कोणाजवळ शिकला असेल? ती बोलणाऱ्या माणसांजवळच, हे उघड आहे.

आज या प्रश्नाला एक नवे उत्तर पुढे आले आहे. डोळ्यांवर यंत्र चढवावे, म्हणजे समोर परक्या शहरातील उपाहारगृह किंवा रेल्वे स्थानक उभे राहते. तेथला माणूस आपल्याशी बोलू लागतो आणि आपण त्याच्या भाषेत उत्तर देतो. तो माणूस मात्र खरा नसतो. कृत्रिम बुद्धिमत्तेने घडविलेला तो सोबती असतो. या सोबत्यापर्यंत आपण कसे येऊन पोहोचलो, याचा इतिहास मनोरंजक आहे आणि विचार करायला लावणाराही आहे.

आपल्या वाचकांना फादर स्टीफन्स परिचित आहेत. १५७९ साली हा इंग्रज येशूसंघीय गोव्यात उतरला आणि पुढची सुमारे ४० वर्षे प्रामुख्याने साष्टीच्या लोकांत राहिला. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने इकडच्या भाषांची रचना ग्रीक व लॅटिनसारखी असल्याचे नोंदविले. सुमारे ११,००० ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले ते १६१६ मध्ये, म्हणजे आगमनानंतर ३७ वर्षांनी. त्याने लिहिलेले कोकणीचे व्याकरण तर त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली, रायतूर येथे छापले गेले. आधी सहवास, मग ग्रंथ, असा हा क्रम होता.

पुढे हा क्रम बदलला. विल्यम केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना मराठी शिकवीत असत. पंडित वैजनाथ त्यांचे साहाय्यक होते. १८०५ साली श्रीरामपुरास छापलेल्या आपल्या मराठी व्याकरणाला केरींनी नित्याच्या विषयांवरील संवाद जोडले. महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर बसलेल्या शिकाऊ माणसाला मराठी संभाषण आता कागदावर मिळू लागले. सोबती पुस्तकात शिरला, पण पुस्तकातला सोबती ठरलेलेच बोलतो.

उत्तर देणारे यंत्र आले ते विसाव्या शतकात. अमेरिकेतील प्राध्यापक जोसेफ वायझेनबाम यांनी १९६६ साली ‘एलिझा’ नावाची संगणक-प्रणाली जगापुढे मांडली. हे नाव बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातील फुलवालीचे होते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’मुळे ती मराठी माणसाच्याही ओळखीची झाली. ही प्रणाली आपलेच शब्द फिरवून आपल्यालाच प्रश्न विचारी. तिला अर्थ कळत नसे. तरीही वायझेनबाम यांच्या सचिव बाई तिच्याशी ‘बोलताना’ त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगू लागल्या! या अनुभवाने ते अस्वस्थ झाले. १९७६ साली लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी यंत्रावर कोणती कामे सोपवू नयेत, याची चर्चा केली.

१९६८ साली आयव्हन सदरलँड यांनी आभासी दृश्य दाखविणारे शिरस्त्राण तयार केले. ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. या दोन प्रवाहांचा संगम आपल्या काळात झाला. रुमानियातील ‘मोंडली’ने २०१७ साली आभासी वास्तवातील संभाषणे भाषाशिक्षणासाठी आणली, आणि २०२२ अखेर ‘चॅटजीपीटी’ आल्यावर असे संभाषण आखलेल्या चाकोरीतून सुटले. आपला आवाज यंत्र अक्षरांत उतरविते, भाषेचे प्रारूप पुढचे संभाव्य शब्द जुळविते आणि कृत्रिम आवाज ते उच्चारतो.

याचा लाभ कमी लेखण्याजोगा नाही. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात भाषेची भीती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. १९४८ पर्यंत निजामी राजवटीत शाळा-कचेरीची भाषा उर्दू होती; आज नोकरीची वाट इंग्रजीतून जाते. बंजारा तांड्यावरचे मूल घरी गोरबोली बोलते आणि शाळेत गेल्यावर प्रमाण मराठीशी झुंजते. चुकले की वर्ग हसतो, मग तोंड मिटते. यंत्र हसत नाही, कंटाळत नाही, तेच वाक्य शंभरदा ऐकून घेते. लाजऱ्या विद्यार्थ्याला चुकण्याची मोकळीक देणारा हा सराव मोलाचा आहे.

परंतु यंत्र शिकते ते लिखित मजकुराच्या साठ्यावर. इंग्रजीचा साठा अफाट, मराठीचा त्यामानाने लहान, आणि गोरबोलीचा तर अत्यल्प. म्हणून तांड्यावरच्या मुलाला इंग्रजी बोलणारा सोबती सहज मिळेल. पण त्या मुलाची बोली शिकू पाहणाऱ्या शिक्षकाला मात्र तांड्यावरच जावे लागेल. आपण तेवढे अंतर चालणार आहोत का, हा खरा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट याहून मूलभूत आहे. आपल्या बोलण्याने यंत्र दुखावत नाही की सुखावत नाही. आपण बोलायचे थांबलो तर त्याला वाट पाहावी लागत नाही. सराव तेथे होतो, पण भाषा आपली झाली की नाही याचा निवाडा ती बोलणारा समाजच करतो. साष्टीच्या भाविकांनी परदेशी फादरच्या ओव्या गायिल्या, तेव्हा तो निवाडा झाला. नामदेवांची पदे पंजाबने आपल्या पवित्र ग्रंथात जपली, तेव्हाही झाला.

२०१५ साली ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले. नरसीचा एक माणूस तेथल्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलला होता. त्या जुन्या ओळखीवर साडेसहाशे वर्षांनंतर मराठी माणसांचे पंजाबात स्वागत झाले. यंत्राजवळ सराव अवश्य करावा. मात्र तो संपल्यावर डोळ्यांवरचे यंत्र उतरवून शेजाऱ्याचे दार ठोठवावे.