जखम चिघळली, हे ठरवायचे कसे? सुश्रुतापासून गुणांकनापर्यंत

१/८
बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई. देवगिरीचा राजा सिंघण यादव याचा सेनापती खोलेश्वर याचे तेराव्या शतकातील शिलालेख येथे सापडले. शिलालेख विजय सांगतात. त्या विजयांसाठी झालेल्या जखमांचे शास्त्र शोधायचे, तर वैद्यकग्रंथ उघडावे लागतात.

२/८
सुश्रुतसंहितेत जखमेला ‘व्रण’ म्हणतात. वैद्याने तिचे स्थान, आकार, वर्ण, गंध, स्राव आणि वेदना पाहावी, असा दंडक आहे. मृदू, गुळगुळीत, वेदना व स्राव नसलेला तो शुद्ध व्रण. दुर्गंधी पू, दाह, लाली, सूज असलेला तो दुष्ट व्रण. उपचारांचे प्रकार साठ! निदान आधी, उपचार त्यानुसार.

३/८
ही परंपरा यादवांच्या राज्यातही जिवंत होती. महादेव आणि रामचंद्र यादव यांचा मंत्री हेमाद्री याने वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. राज्यकारभार पाहणारा माणूस वैद्यकावर भाष्य करीत होता.

४/८
युरोपातही पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने दाहाची चार लक्षणे नोंदवली होती: लाली, सूज, उष्णता, वेदना. १८६७ साली जोसेफ लिस्टर याने कार्बोलिक आम्लाने जंतूंना रोखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तरी एक अडचण उरली. एका डॉक्टरला जी ‘थोडी लाली’, ती दुसऱ्याला ‘संसर्ग’ वाटे. मग दोन रुग्णालयांची तुलना करायची कशी?

५/८
उत्तर होते गुणांकन. १९८६ साली लंडनमधील विल्सन व सहकाऱ्यांनी ‘असेप्सिस’ ही पद्धत मांडली. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात पाच दिवस जखम पाहायची. तिचा किती भाग बाधित आहे, त्यानुसार पाणीदार स्राव आणि लाली यांना रोज ० ते ५ गुण. पू आणि खोल ऊती उसवणे यांना ० ते १०.

६/८
त्यात प्रतिजैविके द्यावी लागली, पू काढावा लागला, जंतू सापडले किंवा मुक्काम लांबला, तर आणखी गुण. बेरीज १० पर्यंत असल्यास जखम नीट भरत आहे. २० च्या पुढे संसर्ग. ४० च्या पुढे तीव्र संसर्ग. सुश्रुताची लक्षणे बहुतांशी तीच. नवे होते ते मोजमाप, आणि तेच रोज पुन्हा करण्याची शिस्त.

७/८
आता पुन्हा बीड. दरवर्षी येथील ऊसतोड कामगार टोळीने परजिल्ह्यांत जातात. नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. हातापायाला कोयता लागणे नित्याचे. पण विश्रांतीचा दिवस म्हणजे ‘खाडा’, आणि त्याचा दंड उचलीच्या हिशेबात. ‘असेप्सिस’ जन्मली ती शस्त्रक्रियेच्या जखमांसाठी, खाटेवरच्या रुग्णासाठी. तिचे गृहीतक एकच: तीच जखम कोणीतरी रोज पाहील. फडातल्या जखमेला नेमके तेच मिळत नाही.

८/८
१९७४ पासून अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. ज्ञान जिल्ह्यात आले. पण हंगामात कामगारच जिल्ह्याबाहेर असतो. मित्रहो, वैद्यकाचा इतिहास वाचताना शोध कोणी लावला एवढेच विचारू नका; तो कोणाच्या जखमेपर्यंत पोहोचला, हेही विचारा.