मोठं इंजिन टाकायचंय? मग आधी जुन्या जीपची गोष्ट ऐका



आमच्या बेव्हर्ली पार्कात संध्याकाळी बाकावर बसणारे एक काका आहेत. गाव चिपळूणकडे. गावाला धाकट्या भावाकडे जुनी महिंद्रा पिकअप आहे, २११२ सीसीच्या डिझेल इंजिनाची. आंब्याच्या पेट्या, जांभा चिरा, खताच्या गोणी, सगळं तिच्यावरच. इंजिन आता ऑइल पितंय, आणि कुंभार्ली घाटात भरलेली गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. काकांचा सवाल सरळ आहे : "इंजिन उतरवायचंच आहे, तर पुन्हा तेवढंच कशाला? बोलेरोचं २५२३ सीसीचं टाकू. कंपनी तीच ना?"

प्रश्न नवा नाही. महाराष्ट्रात तो सत्तर-पंचाहत्तर वर्षं विचारला जातोय. मजा अशी की तेव्हा त्याचं उत्तर गॅरेजवाला द्यायचा, आज सरकार देतं.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा इथे पडून राहिलेल्या लष्करी गाड्या विक्रीला निघाल्या. फोर्ड, शेवरोले, डॉज, बहुतेक पेट्रोलवर चालणाऱ्या. त्यांच्यावर लाकडी बॉड्या चढल्या आणि मालवाहतूक सुरू झाली. पण पेट्रोल परवडेना. त्यावर ट्रकवाल्यांना सापडलेला तोडगा म्हणजे पर्किन्सचं 'पी-६' डिझेल. इंग्लंडच्या पीटरबरो गावची ही कंपनी, सहा सिलिंडर, ८० च्या आसपास हॉर्सपॉवर, आणि पेट्रोल इंजिन काढून त्याच जागी बसवायला सोयीचं म्हणून जगभर नावाजलेलं. पुढे मद्रासच्या सिम्पसनने ते भारतातच बनवायला घेतलं. म्हणजे इंजिन बदलणं हा तेव्हा कुणाचा शौक नव्हता. गाडी चालवून पोट भरायचं तर दुसरा मार्गच नव्हता.

जीपचंही तसंच. १९४५ मध्ये सुरू झालेल्या महिंद्रा अँड मोहम्मदचं १९४८ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा झालं, आणि विलीजची जीप इथे जोडली जाऊ लागली. तिचं मूळ इंजिन पेट्रोलचं, २.२ लिटर, ६० हॉर्सपॉवर. साहेबाच्या दौऱ्याला झकास. पण शेतकऱ्याने, ठेकेदाराने घेतली की टाकी बघून पोटात गोळा यायचा. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकल्यावर तर विचारूच नका.

मग गावोगावच्या गॅरेजांनी डोकं चालवलं. कुणी ट्रॅक्टरच्या जातीचं डिझेल बसवलं, कुणी मॅटाडोरचं. कंपनीने स्वतःही तेच केलं. प्यूजोशी करार करून महिंद्राने इगतपुरीच्या कारखान्यात 'एक्सडीपी ४.९०' बनवायला घेतलं. ४.९० म्हणजे चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. ताकदीला जुन्या पेट्रोलच्या फार पुढे नाही, पण खर्चाला निम्मं आणि कमी फेऱ्यांत ओढणारं. काकांच्या भावाच्या पिकअपमध्ये आहे ते हेच. इकडे पुण्यात बजाज टेम्पोने मर्सिडीजचं 'ओएम ६१६' घेतलं, २.४ लिटरचं. जर्मनीत २४० डी मोटारीत टॅक्सी म्हणून धावलेलं इंजिन आपल्याकडे ट्रॅक्समध्ये बसून वडाप करू लागलं! सांगली-साताऱ्याच्या लोकांना जास्त सांगायला नको.

या सगळ्यामागे सरकारी भाव होते, हे विसरू नका. पेट्रोलचा भाव जून २०१० मध्ये मोकळा झाला, डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्ये. तोवर डिझेल मुद्दाम स्वस्त ठेवलेलं होतं. पेट्रोल इंजिन उपसून डिझेल टाकणारा माणूस हिशोब बरोबरच करत होता.

आता गॅरेजातली खरी अडचण. इंजिन एकटं बदलत नाही. जुन्या गिअरबॉक्सला नवीन इंजिन जुळवायला लेथवाल्याकडून मधली प्लेट बनवून घ्यावी लागते, ती केसभर वाकडी बसली की क्लच आणि बेअरिंग खातं. वजन वाढलं की पुढचे पाटे बसतात. रेडिएटर पुरत नाही, घाटात काटा लाल. जुन्या सीजे जीपचं क्राऊन-पिनियन ५.३८ चं, पेट्रोलच्या जास्त फेऱ्यांसाठी ठरवलेलं. त्यावर संथ डिझेल लावलं की चढ मस्त चढते, पण सपाटीला ५०-६० वर इंजिन नुसतं बोंबलतं. आणि सगळ्यात शेवटी लक्षात येतात ते ब्रेक. जुन्या जीपला नऊ इंची ड्रम असायचे. चढायची ताकद वाढवली, उतरायची कोण वाढवणार? कुंभार्ली चढून जाणारा तोच घाट उतरतोही.

म्हणून कायद्याला मी सरसकट शिव्या घालणार नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात गाडीत बदल करायचा तर आरटीओला नोटीस द्या आणि मंजुरी घ्या, एवढंच होतं. १९८८ च्या कायद्याच्या कलम ५२ मध्येही सुरुवातीला साधारण तसंच. २००० च्या दुरुस्तीने मात्र गाडा उलटा फिरला : आरसी बुकातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचाच नाही. सवलत कसली, तर किट लावून सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा दुसऱ्या इंधनावर जाण्याची. आणि ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हा अर्थ पक्का केला.

पण याच कलमात एक गंमत आहे, आणि ती मला खटकते. ज्याच्याकडे निदान दहा वाहतुकीच्या गाड्या आहेत, त्याला राज्य सरकार अधिसूचना काढून त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन परस्पर बदलायची मुभा देऊ शकतं. एका पिकअपवर घर चालवणाऱ्याने मात्र हेलपाटे घालायचे. सुरक्षेचं कारण म्हणावं, तर दहा गाड्यांच्या मालकाचा मिस्त्री काही वेगळा असतो का? एका गाडीवाल्यासाठीही मिस्त्रीचं काम तपासून लगेच पासिंग देणारी सोय हवी, असं माझं मत आहे.

तर काकांना काय सांगितलं? "कंपनी तीच" एवढ्यावर भागत नाही, प्रकारही तोच लागतो. २११२ च्या जागी २५२३ टाकलं की आरसीवरचा आकडा खोटा ठरला. उद्या घाटात काही झालं, तर विमेवाला आधी इंजिन नंबर बघणार. त्यापेक्षा त्याच मापाचं, बिल-कागद असलेलं इंजिन घ्या किंवा आहे तेच बोअर करून पिस्टन बदला, रेडिएटर साफ करा, पाटे आणि ब्रेक नवे करा. घाट दुसऱ्याच गिअरमध्ये चढेल, चढू दे.

काका थोडे नाराज झाले. "म्हणजे अर्धा तास जास्त," म्हणाले. मग तिथेच बाकावरून भावाला फोन लावला आणि आरसी बुकाचा फोटो मागवला. सोमवारी भाऊ रत्नागिरीला आरटीओत जाणार आहे, इंजिन उतरवायच्या आधी.