पितळेची आठवण

एका अमेरिकन कादंबरीचा अनुवाद करताना मी एका रिव्हॉल्व्हरपाशी अडले. नायकाचे वडील आपलं पितळी सांगाड्याचं ‘कोल्ट नेव्ही’ यादवी युद्धातलं म्हणून मिरवतात. मुलगा ते हातात घेतो आणि त्याला कळतं, हे खोटं आहे. कसं कळलं, ते लेखकानं लिहिलेलं नाही. ते शोधताना मी प्रतिकृती पारखायला शिकले.

१९६१ ते १९६५ या काळात त्या युद्धाची शताब्दी साजरी झाली आणि बंदुकीच्या काळ्या दारूवर चालणाऱ्या जुन्या रिव्हॉल्व्हरांना मागणी आली. प्रतिकृती घडल्या त्या मुख्यतः इटलीत, गार्दोने व्हाल त्रोम्पिया या शस्त्रकारांच्या गावी. म्हणून आधी शिक्के पाहायचे : इटालियन चाचणीगृहाची खूण, काळ्या दारूसाठीची ‘पीएन’ ही अक्षरं, चौकटीतला वर्षाचा संकेत. मग जोडणी. या रचनेत नळी सांगाड्याला एका पाचरीनं धरलेली असते. ती ढिली नको. पितळ मऊ. जोरदार बारांनी सांगाडा ताणला जातो आणि नळी व सिलिंडर यांतली फट वाढते.

यानंतरची पारख इतिहासाची. १८५१च्या कोल्ट नेव्हीत मुठीची पट्टी पितळी, पण सांगाडा लोखंडी. नळीचा व्यास ०.३६ इंच; सिलिंडरवर १६ मे १८४३च्या आरमारी लढाईचं चित्र. पितळी सांगाडा दक्षिणेतल्या नकलांचा. जॉर्जियात सॅम्युअल ग्रिझवल्डच्या कारखान्यात पूर्वी कापसातली सरकी काढायची यंत्रं होत. युद्धात पोलाद मिळेना, म्हणून तिथे सांगाड्याला पितळ आणि सिलिंडरला पिळलेलं लोखंड आलं. चित्र नाहीच. घडवणारे बहुतेक गुलाम होते. नोव्हेंबर १८६४मध्ये उत्तरेच्या सैन्यानं कारखाना जाळला.

स्मरणार्थ विकल्या गेलेल्या कित्येक प्रतिकृतींत मात्र पितळी सांगाडा आणि कोल्टचं चित्र एकत्र दिसतं. काहींचा व्यास ०.४४. असं रिव्हॉल्व्हर ना कोल्टनं घडवलं, ना ग्रिझवल्डनं. घडाई कितीही सफाईदार असो, ज्याला मूळच नाही असा तो अनुवाद. त्यात टंचाईतून आलेलं पितळ केवळ झळाळी होतं, आणि गुलामांचे हात दिसेनासे होतात.

माझ्या पहिल्या खर्ड्यात त्या रिव्हॉल्व्हरला मी ‘सोन्यासारखं’ हे विशेषण पदरचं लावलं होतं. ते खोडून ‘पितळी’ एवढंच ठेवलं.