ग्रिंडले, रॉबर्ट मेलव्हिल

(1786–1877). ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतील अधिकारी व हौशी निसर्गचित्रकार. 1803 मध्ये कॅडेट म्हणून मुंबईत दाखल झाले. कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत पोहोचून 1820 मध्ये निवृत्त. कंपनीच्या कॅडेटांना इतर विषयांबरोबर चित्रकलाही शिकवणारी ॲडिस्कम येथील शाळा 1809 मध्ये निघाली, तोवर ते हिंदुस्थानात आलेले होते.

छायाचित्रण येण्यापूर्वी वेढे, वाटा आणि मुक्काम यांच्या टिपणासाठी फौजेला नकाशाइतकीच चित्रांचीही गरज असे. तेलरंगाचा पसारा कूच करताना सांभाळणे अवघड. जलरंगाची पेटी मात्र सामानात सहज मावे. सैनिकांचे सारे टिपण चित्रांतच झाले असे नाही : तासगावकर परशुरामभाऊ पटवर्धनांच्या सैन्याबरोबर टिपूवर चालून गेलेल्या कॅप्टन लिटलच्या तुकडीतील एडवर्ड मूर यांनी त्या मोहिमेचा वृत्तांत 1794 मध्येच लंडनला छापला होता.

चित्रसंग्रह : ग्रिंडले यांची कीर्ती ‘सीनरी, कॉस्च्यूम्स अँड आर्किटेक्चर, चीफली ऑन द वेस्टर्न साइड ऑफ इंडिया’ (लंडन, 1826–30) या 36 रंगीत चित्रांच्या संग्रहावर उभी आहे. मुंबई, बोरघाट, सासवड, दौलताबाद व वेरूळ ही त्यातील मराठी मुलखातली स्थळे. बोरघाटातून गाड्या जाऊ शकतील असा रस्ता 1830 मध्ये खुला झाला व मुंबईच्या किल्ल्याचा तट 1860 नंतरच्या दशकात पाडला गेला. ही चित्रे त्याआधीचे रूप दाखवतात, त्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकाला ती साधन म्हणून मोलाची वाटतात. ती जपूनच वापरावीत.

कारण छापण्याच्या पद्धतीत आहे. हा संग्रह ॲक्वाटिंट पद्धतीने छापलेला आहे. तीत तांब्याच्या पत्र्यावर राळेची भुकटी पसरून पत्रा तापवतात. राळ कणाकणाने चिकटते. मग पत्रा आम्लात बुडवला की मधल्या फटी कोरल्या जातात आणि शाई धरतात. जो भाग फिका हवा तो रोगणाने झाकून पत्रा पुन्हा आम्लात सोडतात. अशा फेऱ्यांनी आकाशाच्या नि डोंगरांच्या छटा मिळतात. छापलेल्या कागदावर रंग हाताने भरत. म्हणजे मूळ रेखाटन, ते छापण्याजोगे करून देणारा व्यावसायिक चित्रकार, उत्कीर्णक आणि रंग भरणारे कारागीर एवढे हात एका चित्रामागे असत. या संग्रहासाठी काम करणारे चित्रकार विल्यम वेस्टल 1804 मध्ये स्वतः मुंबईला येऊन गेले होते. ढगांचे नाट्य आणि झाडांची ऐटदार मांडणी सरसकट ग्रिंडले यांच्या नावे जमा करणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. स्थळाची निवड व उभे राहण्याची जागा यांचे श्रेय मात्र बहुतांशी त्यांचेच.

चित्रकार जेम्स वेल्स यांची मुंबईची बारा दृश्ये (1800) ग्रिंडले यांच्या संग्रहाआधीची. पण वेल्स सैनिक नव्हते.

उत्तरायुष्य : 1828 मध्ये लंडनला लेस्ली अँड ग्रिंडले ही पेढी काढली; तीच पुढे ग्रिंडलेज बँक झाली.