हवापालटापासून घरच्या औषधापर्यंत

बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. घाट चढण्यासाठी कर्जतला गाडीस जादा इंजिन जोडण्याची रीत आपल्या परिचयाची आहे. या गाड्यांतून व्यापारी गेले, फौजा गेल्या, तसे छातीचे रोगीही गेले. मुंबईच्या दमट हवेतून उठून उंच, कोरड्या जागी जाणे हाच त्या काळी क्षयावरचा मुख्य इलाज होता. पाचगणीस डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली ‘बेल एअर’ हे आरोग्यधाम काढले. मिरजेजवळ वानलेसवाडीस मिशनचे क्षयरुग्णालय उभे राहिले. परंतु राजमाचीच्या पायथ्याशी, कोंडाण्याच्या आसपासच्या वाड्यांत ज्याच्या खोकल्यातून रक्त पडू लागे, त्याला यांचा काय उपयोग? घरात दुसरे कमावते हात नसताना महिनोन्‌महिने परगावी पडून राहणे कोणाला परवडते? फुफ्फुसाच्या रोगावरील उपचारांचा इतिहास पाहताना हा प्रश्न आपण नजरेआड करता कामा नये.

रोगाचे कारण कळणे आणि रोग बरा करता येणे यांत केवढे अंतर असते, ते क्षयाने दाखविले. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. पुढे चारच वर्षांनी, कल्याणास जन्मलेल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत एम. डी. झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, क्षयाने त्या पुण्यात वारल्या. जंतू सापडला होता, रोगी स्वतः डॉक्टर होती. पण देण्याजोगे औषध कोणापाशीच नव्हते.

मग आरोग्यधामांत काय करीत? पूर्ण विश्रांती, मोकळी हवा, सकस आहार, आणि त्यांच्या जोडीला छातीवरचे उपाय. इटलीतील डॉ. फोर्लानिनी यांचे म्हणणे असे, की रोगट फुफ्फुसाला विसावा द्यावा. त्यासाठी बरगड्यांमधून सुई घालून फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये हवा भरीत. फुफ्फुस दबून मिटे व त्यातील पोकळी बंद होई. ही हवा हळूहळू जिरून जाई. म्हणून पुन्हा सुई, पुन्हा हवा, असे वर्षानुवर्षे चाले. फुफ्फुस छातीला चिकटलेले असले म्हणजे हा उपाय चालत नसे. तेव्हा काही बरगड्या कायमच्या काढून छातीची ती बाजूच खचवीत. यांतून काही रोगी वाचले. परंतु कोण हवेने, कोण सुईने आणि कोण आपल्या मूळच्या ताकदीने वाचला, हे सांगणे कठीण होते.

१९४४ पासून स्ट्रेप्टोमायसिनने चित्र पालटू लागले. ते एकटेच दिले तर काही महिन्यांत जंतू त्याला दाद देईनासे होत, म्हणून पी. ए. एस. या औषधाची जोड देण्यात आली. १९५२ साली आयसोनियाझिड हे स्वस्त औषध हाती आले. आता नवा प्रश्न उभा राहिला : औषध असेल तर आरोग्यधाम हवेच काय?

त्याचे उत्तर १९५६ पासून मद्रासमध्ये शोधले गेले. १९३ गरीब रोग्यांपैकी काहींना आरोग्यधामात व काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरी ठेवून सर्वांना वर्षभर तीच औषधे दिली. घरी राहणाऱ्यांना अन्न निकृष्ट, विश्रांती कमी. तरीही ते जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्या माणसांना त्यामुळे अधिक लागण झाली नाही. १९५९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि १९६२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने घरच्या घरी औषध हाच मार्ग धरला. आमच्या मते क्षयाच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी घटना होय. गाडीभाडे नसलेल्या माणसालाही बरे होण्याचा मार्ग तिने मोकळा केला.

आज नेहमीच्या क्षयावर सहा महिन्यांचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तथापि पावसाळा सरला, की आपल्या भागातील कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. औषध गावी सुरू झालेले असते आणि रोगी भट्टीवर असतो. दोन महिन्यांत खोकला थांबतो, बरे वाटते आणि गोळ्या सुटतात. अर्धवट औषधाने जंतू निर्ढावतो व पुढचा इलाज अधिक लांब, अधिक कठीण होतो. हे टाळणे एकट्या दवाखान्याच्या हातचे नाही. आपल्यापैकी ज्यांच्या भट्टीवर वा शेतावर माणसे कामास येतात, त्यांनी दोन आठवडे खोकला असलेल्यास थुंकी तपासण्यास पाठवावे आणि त्या दिवसाची मजुरी कापू नये. पूर्वी इलाजासाठी रोग्याला घाट चढावा लागे. आता इलाज त्याच्या पाठोपाठ भट्टीपर्यंत गेला पाहिजे.